खुर्चीवरून उतरवायचं, पण कुठल्या कलमानं?

‘कारखान्याच्या मालकानं राजकीय पक्षाची प्रचारकी पोस्ट टाकली की त्याला पदावरून काढा’ असं काही जण म्हणतात. काढणार कोण?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलचे बरेच कारखाने घरच्या भागीदारीत आहेत. भागीदारी कायदा, १९३२ चं कलम ३३ पाहा. करारपत्रात तसा अधिकार लिहिलेला नसेल, तर बहुमतानंही भागीदाराला काढता येत नाही. लिहिलेला असला तरी तो प्रामाणिक हेतूनं वापरावा लागतो, मतभेदाचं निमित्त करून नाही. छापील नमुन्यावर सह्या ठोकल्या की काढण्याच्या अधिकाराचं हे कलम करारपत्रात घालायचं राहूनच जातं, आणि भांडण लागल्यावर आठवतं.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा, २०१३ चं कलम १६९. विशेष नोटीस द्यायची, संचालकाला बाजू मांडू द्यायची, मग भागधारकांच्या सभेत साधा ठराव, म्हणजे निम्म्याहून जास्त मतांचा. कारण सांगायची सक्ती नाही. पण निम्म्याहून जास्त शेअर त्याच्याच घरात असतील, तर ठराव पडलाच म्हणून समजा!

अशा वेळी फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला कंपनीच्या ब्रेंडन आइक यांचं उदाहरण दिलं जातं, पण ते इथं जुळत नाही. त्यांनी २००८ मध्ये समलिंगी विवाहबंदीच्या बाजूनं दिलेली १,००० डॉलरची देणगी गाजली आणि एप्रिल २०१४ मध्ये, सीईओ झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, त्यांनी राजीनामा दिला. ते पगारी प्रमुख होते. आपल्याकडं मालक आणि प्रमुख एकच.

माझ्या मते खासगी मताला शिक्षा नको. कामगारांना पाळी सोडून सभेला पाठवलं, किंवा संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय कंपनीच्या खात्यातून पक्षाला पैसे दिले (कंपनी कायद्याचं कलम १८२ असा ठराव मागतं), तर मात्र जाब विचाराच.