अडेनियमचा बुंधा मऊ पडलाय, लवकर उपाय हवा

ऐरोलीकर:
घरचं अडेनियम आठवड्याभरात बिघडलं. पानं पिवळी पडून गळली, काल बुंधा दाबला तर बोट आत गेलं. खत घातलं, फरक नाही. कुठलं औषध आणू? झाड आईचं आहे आणि ती रविवारी गावाहून परत येतेय.

मातीतली_मंजू:
औषधाचं नंतर बघू. कुंडीत काय भरलंय? पाऊस थेट लागतो का? पाणी किती दिवसांनी घालता?

ऐरोलीकर:
माती नर्सरीवाल्याची. पाणी रोज, पानं गळायला लागल्यापासून दोनदा. औषधाचं नाव सांगा ना.

चरईचा_शेजारी:
दालचिनीची पूड बुंध्याभोवती टाका. माझं झाड तीन पावसाळे त्यावर तगलंय.

मातीतली_मंजू:
तुमची कुंडी छपराखाली आहे, तुम्हीच मागे लिहिलं होतं. म्हणून तगलं. आतून कुजत असताना वरून पूड भुरभुरून काय होणार?

चरईचा_शेजारी:
छप्पर आधीही होतं, तेव्हा दोन झाडं गेली. पूड टाकायला लागल्यापासून एकही नाही.

वाळवंटवेडा:
रोजचं पाणीच नडलं. अडेनियम मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. फुगलेला बुंधा ही त्याची पाण्याची टाकी. कोरड्या दिवसांत ते पानं झाडतं, कारण पाणी सगळ्यात जास्त पानांतूनच उडतं, आणि टाकीवर महिने काढतं. टाकी भरलेली आणि माती सतत ओली, मग मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि बुरशी वर चढते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला. जैसलमेरला तेवढा चार वर्षांतही पडत नाही.
थरच्या वाळवंटातलं केर नावाचं झुडूप बघण्यासारखं आहे. वर्षाचा बराच काळ त्याला पानंच नसतात, हिरव्या फांद्या अन्न तयार करतात. खेजडी, म्हणजे आपली शमी, पानं ठेवते पण मुळं फार खोल सोडते. निवडुंगाची रंध्रं तर रात्री उघडतात, दिवसा बंद.

सानपाडा_बाबा:
मुलीच्या वहीत उंटाच्या मदारीत पाणी असतं असं लिहिलेलं सापडलं. मदारीत चरबी असते. उंट दिवसा अंग तापू देतो, म्हणून घाम कमी येतो आणि पाणी वाचतं. मुलांना नीट सांगा.

खाडीकाठ:
ऐरोलीत आहात तर खाडीतलं तिवर बघा. पाय पाण्यात, तरी वाळवंटातल्या झाडासारखीच काटकसर, कारण खारं पाणी मुळांना सहज ओढता येत नाही. जादा मीठ ते पानांतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे कण दिसतात.

मातीतली_मंजू:
खाडीकाठ, छान माहिती, पण इथे झाड मरतंय. ऐरोलीकर, आई असताना कुंडी कुठे असायची?

ऐरोलीकर:
आत, खिडकीपाशी. ती गेल्यावर मी ग्रिलमध्ये ठेवली, पाऊस मिळावा म्हणून. खाली थाळी आहे. मातीत भुशासारखं बरंच आहे, कोकोपीट असावं.

मातीतली_मंजू:
हे आधी सांगायला हवं होतं. आज रात्रीच झाड उपसा, माती झटका. सुरी स्पिरिटनं पुसत पुसत मऊ, तपकिरी भाग पांढरा घट्ट गर लागेपर्यंत कापा. हातमोजे घाला, चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावायचे. मग सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर सुकू द्या. जखम कोरडी झाली की जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडी माती अशा मिश्रणात लावा. लावल्यावरही आठवडाभर पाणी नको. थाळी काढा, खत बंद.

चरईचा_शेजारी:
कापलेल्या जागी दालचिनी लावाच.

मातीतली_मंजू:
तिथे लावा, माझी हरकत नाही.

ऐरोलीकर:
कापलं. मूठभर भाग गेला, जाड मुळं दोनच उरली, पण आत पांढरं लागलं. दालचिनी लावून वर्तमानपत्रावर ठेवलंय. आईला फोन करून सगळं सांगितलं. पावसाळ्यात ती पंधरा-पंधरा दिवस पाणीच घालत नाही म्हणे. मला वाटायचं, विसरते.
जाड वाळू सुटी कुठे मिळेल? आख्खी गोण नकोय.

सानपाडा_बाबा:
माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडे विचारा, किलोवर देतात. घरी आणून चाळून, धुऊन घ्या.