फ्रेंचमध्ये रस्ता विचारायला शिकायचंय – सल्ला हवा (बजेट १५०० रुपये)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मार्चअखेर लेकीकडे लियोंला चालले आहे, ९० दिवसांचा व्हिसा मिळालाय. वय ६१, सांगलीबाहेर एकटी फारशी फिरलेली नाही. लेक-जावई दिवसभर ऑफिसात, नातवाला साडेचारला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. मला फ्रेंच वाङ्मय वाचायचं नाही. रस्ता विचारता यावा, समोरचा काय म्हणाला ते कळावं, आणि मलाच कुणी विचारलं तर डावं-उजवं सांगता यावं, एवढंच. हातात सहा आठवडे. पुस्तक, क्लास, अॅप काहीही चालेल, पण १५०० च्या आत. फोनवरचा नकाशा वापरा असं कृपया सांगू नका, तो मला येतो.

निमिष_४२
काकू, फोनवर नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा. विषय संपला.

कृष्णाकाठ
@निमिष, शेवटची ओळ वाचा बाळा.

डोंबिवलीचे अण्णा
आम्ही मागे युरोप केलं तेव्हा भाषांतराचं यंत्र घेतलं होतं, साडेचौदा हजारांना. मराठीत बोला, ते फ्रेंच बोलतं. बजेट थोडं वाढवा, माणूस आयुष्यात एकदाच जातो. फक्त एकदा घोटाळा झाला. लियोंमध्ये परतीची गाडी पकडायची होती, मी यंत्रात बोललो 'लियोंचं स्टेशन कुठे आहे'. त्याने विचारलं 'गार द लियों'. समोरची बाई हसायलाच लागली. गार द लियों पॅरिसमध्ये आहे म्हणे! लियोंच्या स्टेशनांची नावं वेगळीच. गाडी चुकली, पण त्यात यंत्राची चूक नव्हती.

सुगरण_नाशिक
+१ अण्णा. लियोंची मोठी स्टेशनं दोन, पार-दिय आणि पेराश. आपल्याकडे पुण्याहून कोल्हापूरला जाणारा रस्ता कोल्हापूर रोड, तसंच ते.

खडूस
मी दहावीला फ्रेंच घेतलं होतं. ९४ मार्क. आज मला माझं नाव आणि 'मांजर टेबलाखाली आहे' एवढं सांगता येतं. मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या पोरांकडून काही शिकायला जाऊ नका, एवढाच सल्ला. फुकट आहे, बजेटमध्ये बसतो.

निमिष_४२
@खडूस, मांजर टेबलाखाली आहे हाही पत्ताच झाला की.

ला_प्रोफ
मी १८ वर्षं फ्रेंच शिकवते. तुकड्यातुकड्यांत भाषा येत नसते. रीतसर ए-१ चा, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स करा. १५०० मध्ये होणार नाही, पण पाया पक्का होईल. निदान एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, सगळे इथेच आपटतात. 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे. 'तू द्र्वा' म्हणजे सरळ. फरक शेवटच्या त चा. त उच्चारला तर वळायचं, नाही तर नाकासमोर जायचं.

डोंबिवलीचे अण्णा
अच्छा! एक पोलीस मला 'तू द्र्वा, तू द्र्वा' करत होता. मला वाटलं, एकेरीवर आलाय.

ला_प्रोफ
अण्णा, तो 'तू' आपला नव्हे. त्याचा अर्थ इथे 'अगदी'. एकेरीवाला 'त्यू' असतो, आणि अनोळखी माणसाला कायम 'वू'.

सुगरण_नाशिक
डावीकडे म्हणजे 'आ गोश'. मी असं पाठ केलं होतं: माहेरी घराच्या डाव्या अंगाला गोठा, म्हणून गोश. उजव्या अंगाने यायचं द्वारात, म्हणून द्र्वात. 'द्वारात' मधला त तर ऐकू येतोच.

कृष्णाकाठ
सुगरण, हे बेस्ट! आमचा गोठाही डावीकडेच होता.

मॉन्ट्रियलकर
आमच्याकडे कॅनडात क्वेबेकमध्ये 'व्हिरे आ गोश ओ ल्युमिएर' म्हणतात, म्हणजे सिग्नलला डावीकडे वळा. हेच शिका, कुठेही चालतं.

ला_प्रोफ
कुठेही नाही चालत. फ्रान्समध्ये सिग्नलला 'फ' म्हणतात. 'ओ फ, तुर्ने आ गोश.' ल्युमिएर म्हटलंत तर बघतील कोणता दिवा ते.

मॉन्ट्रियलकर
म्हणजे आमची फ्रेंच फ्रेंच नाही का? मालवणीला मराठी न म्हणणाऱ्यांतल्या दिसता.

पोर्टलुईची_वैशाली
मी मॉरिशसची मराठी. आमच्या क्रेओलमध्ये (फ्रेंचवरून आलेली आमची बोली) 'कुठे' ला सरळ 'कोत' म्हणतात. फ्रेंचमधल्या 'ऊ ए' (कुठे आहे) पेक्षा सोपं नाही का? (माझं लिहिलेलं मराठी चुकलं तर सांगा, घरी कमी बोलतो.)

सुगरण_नाशिक
वैशाली, तुमचं मराठी माझ्या मुलांपेक्षा बरं आहे.

खडूस
काकू लियोंला चालल्यात की जगाच्या फेरीला? आणि सत्तरला 'साठ-दहा' म्हणणाऱ्या लोकांना बसचा नंबर कसा विचारायचा, तेही कुणीतरी सांगा.

मॉन्ट्रियलकर
आपलं एकोणऐंशी काय सरळ आहे का?

सोनकाठची
वाचनमात्र होते, पण लियों म्हटल्यावर राहवलं नाही. सात वर्षं इथे आहे. पहिल्या वर्षी मी लोकांना थेट 'ऊ ए ला पार-दिय?' म्हणून अडवायची. एका दुकानदारीणबाईंनी माझ्याकडे बघत नुसतं 'बोंझूर' (नमस्कार) म्हटलं आणि थांबल्या. मी परत प्रश्न विचारला. त्यांचं परत बोंझूर! तिसऱ्या वेळी ट्यूब पेटली. आधी बोंझूर, मग 'मादाम' किंवा 'मस्यू', मग प्रश्न, शेवटी 'सिल वू प्ले', म्हणजे 'प्लीज'. बोंझूर नसेल तर बाकीचं व्याकरण वाया.

प्रश्न विचारणं सोपं असतं, पंचाईत उत्तराची होते. 'अमुक कुठे आहे' विचारलंत की समोरचा चार वळणं आणि एक बेकरी सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा हो-नाहीचा प्रश्न करा. हात दाखवून 'से पार ला?' म्हणजे 'इकडूनच ना?' उत्तर 'वी' किंवा 'नों'. तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघा. एवढ्यावर पुढच्या कोपऱ्यापर्यंत जा आणि तिथे दुसऱ्याला विचारा. 'प्ल्यू लांतमां' म्हणजे 'जरा सावकाश', हेही उपयोगी पडतं.

मेट्रोत दिशा टोकाच्या स्टेशनाच्या नावाने सांगतात. डी लाईनला एका टोकाला गार द व्हेज, दुसऱ्या टोकाला गार द व्हेनिसिय. तुमच्या घराच्या बाजूचं टोक कोणतं, एवढं पाठ करा.

आणि तुम्ही नदीकाठच्या, तर हे तुम्हाला जमेल: शहरात दोन नद्या, सोन आणि रोन. पश्चिमेला फुर्विएरची टेकडी, वर पांढरं चर्च, खूप ठिकाणांहून दिसतं. त्याच्याकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला. मधल्या भागात असाल तर समोरची नदी सोन, पाठीमागची रोन. पूर्वेला पेन्सिलीसारखा उंच टॉवर दिसला की तो पार-दिय. इथले लोकही त्याला 'क्रेयों' म्हणजे पेन्सिलच म्हणतात.

निमिष_४२
वाचनखूण साठवली.

ला_प्रोफ
सोनकाठची यांनी छान लिहिलंय. तरीही कोर्स कराच.

डोंबिवलीचे अण्णा
बोंझूर यंत्रालाही म्हणता येतं.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. खडूस, रागावू नका, तुम्ही नको म्हणालात तेच केलंय. शेजारची नववीतली पोरगी फ्रेंच मार्कांसाठीच घेते. तिच्याकडे रोज संध्याकाळी पाऊण तास. फी म्हणून चकल्या, त्याही ती डब्यात घालून नेते. कोर्स नको, यंत्र नको. धड्यातले संवाद तिला मुळीच आवडत नाहीत, म्हणून आम्ही गणपती मंदिरापर्यंत चालत जातो. मी विचारायचं, तिने सांगायचं, आणि ती सांगेल तसंच मी जायचं. परवा तिने 'तू द्र्वा' ऐवजी 'आ द्र्वात' म्हटलं आणि मी खरंच एका वाड्यात शिरले. चूक तिची होती, कबूलही केली! आयर्विन पूल ओलांडताना 'त्राव्हेर्से ल पों', हे आता मला झोपेतही येईल. लेकीने घर ते शाळा रस्त्याची प्रत्येक पायरी फ्रेंचमध्ये बोलून ऑडिओ पाठवलाय, रोज ऐकते. बोंझूर तर भाजीवालीलाही म्हणून झालं.

काल येताना रिक्षा केली आणि सवयीने बोलून गेले, 'आ द्र्वात, सिल वू प्ले'. रिक्षावाला म्हणाला, "दारात कशी घालू मावशी, बोळ बारीक हाय."

डोंबिवलीचे अण्णा
यंत्र घेणार नसाल तर तसं कळवा. आठ हजाराला मागणारा एक जण आहे.