मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल गाडीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बदलावा का?

नमस्कार मंडळी. ईस्टर्न फ्रीवेवर गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडला की हल्ली बॉनेटखालून फडफड ऐकू येते, पिकअपही कमी झालाय. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटल्यावर कोंडलेली हवा उलटी टर्बोच्या कॉम्प्रेसरवर (हवा दाबणाऱ्या पंख्यावर) आदळते, ती सोडायला हा व्हॉल्व्ह असतो, एवढं समजतं. कंपनीचा व्हॉल्व्ह ती हवा परत इनटेकमध्ये, म्हणजे टर्बोकडे हवा आणणाऱ्या पाइपात, फिरवतो. आमचे कुर्ल्याचे मेकॅनिक म्हणतात, हवा बाहेर सोडणारा टाका, मस्त ‘प्श्श’ वाजेल. पण गाडीत आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे. एकदा मोजलेली हवा बाहेर गेली तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्तच सोडणार ना? मला आवाज नको, टर्बो टिकायला हवा. व्हॉल्व्हमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटलाय की व्हॉल्व्हला जोडलेला व्हॅक्यूमचा पाइप, हे घरच्या घरी कसं तपासायचं? कुणी केलं असेल तर नीट सांगा, प्लीज.