'रेड चीफ'मधला खरा बावळट कोण? बिल की सॅम?

बारीकनजर: अमेरिकन लेखक ओ. हेन्रीच्या 'द रॅन्सम ऑफ रेड चीफ' या कथेत (१९०७) बिल आणि सॅम हे दोन भामटे खंडणीसाठी एक पोर पळवून गुहेत ठेवतात; पण स्वतःला 'रेड चीफ' म्हणवणारं ते पोर त्यांनाच सळो की पळो करतं आणि घरी जायला तयार नसतं. या कथेबद्दल बोलताना बिलला गाढव आणि सॅमला डोकेबाज ठरवून लोक मोकळे होतात. माझं मत उलटं आहे. सॅम शहाणा भासतो, कारण गोष्ट तोच सांगतो. पोराचा बाप डॉर्सेट चिक्कू आहे, लोकांची गहाण मालमत्ता जप्त करतो, हे सॅमच सांगतो. आणि त्याच्याचकडे २,००० डॉलर खंडणी मागायचं ठरवतो! पोर पळवल्यावर डोंगरावरून बघतो तर गावात शोधाशोध नाही, एकजण खेचर जुंपून निवांत नांगरतोय. तरी याच्या मनात पाल चुकचुकत नाही.

कथाकीट: साफ असहमत. सॅमची योजना चोख आहे. साधारण शंभर-शंभर यार्डांवरची तीन झाडं, तिसऱ्यासमोरच्या कुंपणाच्या खांबाशी बापाने उत्तर ठेवायचा खोका, आणि हा आधीच झाडावर लपून बसलेला. सापळा लावला असता तरी तो दिसला नसता. माती केली बिलने. खंडणी १,५०० वर आणा म्हणून गयावया केली आणि सॅमला न विचारता पोराला घरी पिटाळलं (ते लगेच परत आलं, ते सोडा). ओलीसच सोडलं तर खंडणी कसली मागणार?

बारीकनजर: बिल रडला, पण आकडा कमी करायला होकार कुणी दिला? सॅमनेच. आणि पहाटेचा प्रसंग बघा. सूर्योदयाला तुला जाळणार, असं पोराने सॅमला बजावलेलं असतं. 'मी घाबरलो नव्हतो' म्हणत सॅम उठून पाइप ओढत बसतो, बिलने विचारल्यावर खांदा दुखतोय म्हणतो. बिल निदान उघड किंचाळतो तरी.

उलटतपासणी: दोघेही 'बावळट' याच शब्दात अडकलात. बिलने रेल्वेदरोडे, पोलिसांच्या धाडी पाहिल्यात. तो नवशिका नाही. या जोडीला धंदा येतो, माणूस ओळखता येत नाही. आपल्याकडचे विनोदी चोर इथेच फसतात: लेखक त्यांना केळीच्या सालीवरून घसरवतो, दोन पानांत वाचक कंटाळतो. चोर कामात तरबेज हवा, फक्त एका बाबतीत आंधळा. दुसरं म्हणजे त्याला क्रूर होता येऊ नये. सॅम एकदा पोराला गदागदा हलवतो, पण त्याची खरी धमकी काय, तर 'घरी नेऊन सोडीन'. पोर गप्प होतं तेही घरी जावं लागेल या भीतीने! खंडणी तिथेच बुडाली.

कथाकीट: हे पटलं. तरी हिशेब बघा. दोघांकडे मिळून सुमारे ६०० डॉलर, बापाने खंडणी द्यायची सोडून पोर परत घ्यायला उलट २५० मागितले, तेही त्यातूनच द्यायचे. त्याला 'हो' म्हणायची घाई बिललाच.

बारीकनजर: घासाघीस करत बसले असते तर पोर आणखी एक रात्र गुहेत राहिलं असतं. बाप पोराला दहाच मिनिटं धरून ठेवू शकणार होता. जाड्या बिल असा सुटला, की चपळ सॅमला तो गावाबाहेर दीड मैलावर सापडला. प्रसंग ओळखला कुणी?

कथाकीट: पळण्यात बिल हुशार, मान्य. पळवण्यात नाही.