अनुभव धागा: शकुंतला आणि आपलं मूर्तिजापूर

शकुंतला म्हणजे आपली छोटी गाडी. कापूस मुंबईला आणि तिथून मॅंचेस्टरला न्यायला इंग्रज कंपनीने टाकलेली ही नॅरोगेज (अरुंद रुळांची) लाईन, विदर्भातल्या मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला ७६ किमी, दुसरा यवतमाळला ११३ किमी. या जंक्शनची भरभराट किंवा उतरण ज्यांच्या घरात पोचली त्यांनी लिहा, लहानशी आठवणही चालेल.

*

माझे आबाजी स्टेशनवर हमाल होते. कारंजा, दारव्हा, यवतमाळकडून रुईच्या गाठी छोट्या गाडीने यायच्या आणि रुळांची रुंदी वेगळी असल्याने डबा तसाच पुढे जाऊ शकत नव्हता, एकेक गाठ उतरवून मोठ्या गाडीत चढवायची, सीझनला तर रात्र रात्र काम, आणि याच अडचणीवर आमच्यासारख्या कितीतरी घरांच्या चुली पेटायच्या. मग ट्रक आले, जिनिंगमधून (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून) माल उचलला की थेट गिरणीच्या दारात, मधली उतरवाउतरवच संपली. आबाजींच्या टोळीतले दोघं भिवंडीला गेले, एकाने भाजीची हातगाडी लावली. आबाजींच्या उजव्या खांद्याला गाठींनी पडलेला घट्टा शेवटपर्यंत होता, लहानपणी मी त्यावर तेल चोळून द्यायचो.

*

बाबा लोको शेडला फिटर. १९२१ साली मॅंचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी सत्तर वर्षांचं होईपर्यंत पळतं ठेवलं, सुटा भाग मिळाला नाही की इथेच घडवायचे. १९९४ ला डिझेल लागलं त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवलेच नाही.

*

माझं माहेर दर्यापूरचं, म्हणजे बनोसा स्टेशन. एसटीपेक्षा तिकीट कितीतरी कमी, म्हणून मजुरीवाल्या बाया, भाजीच्या टोपल्या, शाळेची पोरं सगळे शकुंतलेनेच. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीवरचाच माणूस खाली उतरून फाटक लावणार, गाडी पुढे गेली की उघडून परत चढणार. कोणी घाई करत नव्हतं. गाडी बंद झाल्यावर पहिला फटका या बायांनाच बसला, टोपलीचं वेगळं भाडं देऊन बाजारात काय उरणार?

*

मी पुण्यात असतो. दिवाळीत गेलो तेव्हा मुद्दाम छोट्या लाईनकडे चालत गेलो, रुळात बाभळी उगवल्यात, शेजारच्या मोठ्या (ब्रॉडगेज) लाईनवरून नागपूर-मुंबई गाड्या धडधडत चालल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ तिथे बसले होते, मला रेल्वेचा माणूस समजून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ब्रॉडगेजचं काम कधी सुरू होऊन रायलं जी?"