प्रतिसाद: रस्त्यावरची अक्षरं

'काळा घोडा महोत्सवातल्या कलाकृती म्हणजे नुसते सेल्फी पॉइंट' हे मत मला अर्धंच पटतं. १९९९ पासून मुंबईतल्या या महोत्सवात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, जे उभं राहतं, त्यातलं बरंचसं फोटोपुरतंच असतं, खरंय. पण माणसाएवढी अक्षरं कापून उभी करणं हे वेगळंच काम आहे. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकाच प्लायमधून सलग निघतो. रोमनमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र आधार लागतो. आपल्याकडे घोळ घालतो तो अनुस्वार! 'मुंबई'वरचा ठिपका अधांतरी, त्याला मागून सळई द्यावीच लागते. शिवाय आरपार कापलेला शब्द मागून उलटा दिसतो, आणि महोत्सवाच्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर गर्दी दोन्ही बाजूंनी येते. पाठीला पाठ लावून दुसरा संच लावायचा, तर खर्च दुप्पट.