‘स्मॉल मॉलिक्यूल’ला मराठीत काय म्हणाल?

मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) रुग्णांसाठी मराठी पुस्तिका करतेय. ‘प्रतिकारपेशींना कर्करोगाविरुद्ध वळवणारे स्मॉल मॉलिक्यूल्स’ इथे गाडी अडली. ‘सूक्ष्म रेणू’ लिहिलं, तर सासऱ्यांनी चष्मा वर करून विचारलं, “ढोबळ रेणू कधी पाहिलायस का?”

▪ सासऱ्यांना मानलं! इथलं ‘स्मॉल’ तुलनेनं आहे. लेनालिडोमाइड या मायलोमावरच्या औषधाचा रेणुभार जेमतेम 259, प्रतिपिंडाचा (अँटिबॉडीचा) दीड लाखाच्या घरात. म्हणून ‘लघुरेणू’. (लघुशंका आठवणाऱ्यांनी लघुकथाही आठवावी.) तो पेशीच्या आत शिरतो आणि कॅप्सूलमधून घेता येतो. प्रतिपिंड गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल, म्हणून ते शिरेतून किंवा कातडीखाली टोचतात.

▪ लघुरेणू ठीक, पण ‘वळवणारे’ पटत नाही. गुरं वळवतात तसं लेनालिडोमाइड पेशींना हाकत नाही. ते सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं. मग इकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिनं तिथे येऊन अडकतात आणि पेशीच्या कचराकुंडीत जातात. टी-पेशींमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींमध्ये, हीच दोघं इंटरल्यूकिन-2 हे पेशींना चेतवणारं प्रथिन दाबून ठेवत असतात. ती गेली की टी-पेशी चेवतात. शिवाय मायलोमाच्या पेशींना जगायला तीच प्रथिनं लागतात, म्हणजे तिकडेही मार. ‘चेतवणारे’ लिहा. अशा औषधांना ‘मॉलिक्युलर ग्लू’ म्हणतात, त्याला माझं मत ‘रेणुडिंक’.

▪ डिंक म्हटलं की मला लाडू दिसतात, पण असो. पुस्तिकेत ‘शोध लागला’ आणि ‘शोध लावला’ यांतला फरक मात्र सांभाळा. लेनालिडोमाइडचं पूर्वज थॅलिडोमाइड 1957 साली जर्मनीत झोपेचं औषध म्हणून विकायला आलं आणि गर्भातल्या बाळांचे हातपाय खुंटल्याचं कळल्यावर 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. पुढे जेरुसलेममध्ये डॉ. शेस्किन यांनी ते एका कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून दिलं, तर त्याच्या वेदनादायी गाठीच उतरल्या. हा शोध ‘लागला’. हे औषध सेरेब्लॉनला धरतं, हे 2010 मध्ये जपानी संशोधकांनी हुडकलं, तो ‘लावला’. लेनालिडोमाइड तर थॅलिडोमाइडच्या रेणूत फेरफार करून घडवलेलं, तिथे ‘शोध’ हा शब्दच नको. आणि गरोदरपणात सक्त मनाई, हे ठळक छापा.

▪ सर्वांचे आभार. ‘प्रतिकारपेशींना चेतवणारे लघुरेणू’ सासऱ्यांना वाचून दाखवलं. “हं, चालेल. पण टी-पेशी म्हणजे काय, चहाच्या?” टी थायमसचा, हे सांगितलं. थायमसला कोशात ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात, हे अजून सांगितलेलं नाही.